काणीचा हंगाम

ऑगस्ट लागला की आमच्या भागातल्या माणसांना एकच विषय सुचतो. वेस्ट विंडसरच्या जरा बाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या लाकडी टपऱ्या लागतात आणि त्यांत सकाळी तोडलेल्या कणसांचे ढीग. एरवी हवामानापलीकडे काही न बोलणारे माझे अमेरिकन शेजारी त्या ढिगासमोर उभे राहून कणसाची पानं जराशी बाजूला करतात, नखाने दाणा दाबतात आणि दूध उडालं की घरात बाळ जन्मल्यासारखे हसतात.

मीही पानं बाजूला करतो, पण माझं लक्ष दाण्याकडे नसतं. मी गाठ शोधत असतो: राखाडी, फुगलेली, कणसातून वर आलेली गाठ. गेल्या रविवारी शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "खराब कणीस शोधताय का?" मी म्हटलं, "हो. सापडलं तर घरी न्यायचंय." आजीबाईंनी स्वतःची पिशवी उचलली आणि त्या टोमॅटोंकडे सरकल्या.

त्यांचा दोष नाही. चार वर्षांपूर्वी मला कोणी असं म्हणालं असतं, तर मीही टोमॅटोंकडेच सरकलो असतो. कारण तोवर उभं आयुष्य मी काणीचा शत्रू होतो.

काणी म्हणजे काय, हे ज्यांचा शेताशी संबंध फक्त हुरडा पार्टीपुरता आला त्यांच्यासाठी सांगतो. कणसाला होणारा हा बुरशीचा रोग. ज्वारीवर आली तर दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. बोट लावलं की ती उडते, शेजारच्या कणसांवर बसते आणि पुढच्या वर्षी बियाण्यातून पुन्हा उगवते. मक्यावर आली तर अंगठ्याएवढ्या, लिंबाएवढ्या गाठी येतात. माझे वडील, अण्णा, जालना जिल्ह्यात कृषी सहायक होते. सायकलच्या हँडलला गंधकाची पुडी लटकवून ते गावोगाव हिंडायचे आणि पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळा म्हणून लोकांच्या मागे लागायचे. सुट्टीत मी मागे कॅरिअरवर. काणीचं कणीस काढायची त्यांची एक पद्धत होती आणि ती पूजेच्या विधीइतकी कडक होती. कणीस हिसकायचं नाही. पानं सोलायची नाहीत. खालून हात घालायचा, दांडा एका वळशात मोडायचा, कणीस जसंच्या तसं ओल्या कापडी पिशवीत ठेवायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि ती अख्खी पिशवी उकळत्या पाण्यात बुडवायची. भुकटीचा कणही उडता कामा नये.

"काणी दिसली आणि हात खिशात राहिला," अण्णा म्हणायचे, "तर तो हात कशाला ठेवायचा?"

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. हा प्रश्न मी फार मनावर घेतला. पुढे पुण्यात शिकलो, अमेरिकेत आलो, पंचवीस वर्षं कंपन्यांचे डेटाबेस सांभाळले, पण हात अण्णांचाच राहिला. माझी बायको माधुरी सांगते, की मॉलमधल्या प्लास्टिकच्या झाडाचं पिवळं पानसुद्धा मी खुडलं आहे. खरं आहे. त्याला चिकटवलेलं होतं.

आता मेक्सिकोकडे वळतो. अमेरिकेत नव्याने आलेल्या शाकाहारी मराठी माणसाला पहिल्या वर्षी कोणी जगवलं असेल, तर मेक्सिकन जेवणाने. पोळीत गुंडाळलेला राजमा-भात, वर मिरची! डोळ्यांत पाणी यायचं ते तिखटाने की घरच्या आठवणीने, हे कळायचं नाही. त्या उपकाराची फेड आम्ही अशी केली, की महाराष्ट्र मंडळाच्या 'टाको नाइट'ला राजम्यात गोडा मसाला घातला, वरून बारीक शेव भुरभुरली आणि त्याला मेक्सिकन म्हणून मोकळे झालो. मी स्वतः तीन वर्षं त्या समितीचा प्रमुख होतो. शेवेची कल्पना माझीच.

आमची सई इथेच जन्मली, इथेच वाढली. चांगली संख्याशास्त्रात पदवी घेतली, दोन वर्षं नोकरी केली आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, आय ॲम गोइंग टू कुक." मी म्हटलं, "छान, रविवारी?" ती म्हणाली, "नाही. रोज."

तिने जे स्वयंपाकघर निवडलं ते ओफेलिया नावाच्या मेक्सिकन शेफचं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाजाने भांडी हलतील अशा बाई. आमच्यापासून बारा-पंधरा मिनिटांवर त्यांचं छोटंसं रेस्टॉरंट आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर मोठी ताटली आणि तिच्या मधोमध इवलासा घास आला. मला वाटलं, आधीच्या गिऱ्हाइकाने टाकलेलं आलंय. खाल्लं आणि गप्प झालो. मी गप्प झालो म्हणून माधुरी घाबरली.

त्या स्वयंपाकघरात मक्याचे दाणे रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवतात, सकाळी चोळून त्यांची सालं काढतात आणि मग दळून त्याच्या भाकऱ्या करतात. चुना म्हटल्यावर मला पानपट्टी आठवली. पण त्या भाकरीचा वास आला आणि कोणीतरी लांबून माझ्या नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. कोपऱ्यात तीन पायांचा दगडी पाटा. दुपारी मिरच्या भाजायला घेतल्या की सगळं स्वयंपाकघर एकसुरात खोकतं आणि कोणी कोणाची माफी मागत नाही. मला फार घरगुती वाटलं.

"लोक म्हणतात, ओफेलिया मॉडर्न स्वयंपाक करते," बाई मला एकदा म्हणाल्या. "मॉडर्न काय त्यात? मका जुना, दगड जुना, मी तर त्याहून जुनी. फरक एवढाच, की पूर्वी परदेशात आलो की आम्ही प्रत्येक पदार्थावर चीज ओतून माफी मागायचो. आता मागत नाही."

मी शेवेबद्दल काही बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, ओफेलियाबाईंनी सईला सांगितलं, की मक्याच्या हंगामात एक पदार्थ तुझा. कल्पना तुझी, हात तुझा. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी चव घेणार. जमला तर मेन्यूवर, नाही तर पुढच्या वर्षी पाहू. दोन वर्षं कांदे चिरून, भांडी घासून, हातावर भाजल्याचे डाग मिरवत सईने ज्याची वाट पाहिली, तो हा गुरुवार.

पदार्थ काय, ते तिने आम्हाला सांगितलं नाही. का, ते तिने स्पष्ट सांगितलं: "बाबा, तुला सांगितलं की मंडळाला कळतं." आरोप गंभीर होता आणि खरा होता.

तिच्या अपार्टमेंटला अंगण नाही, म्हणून मे महिन्यात तिने आमच्या मागच्या हिरवळीचा एक तुकडा खणला, हरणांसाठी जाळी ठोकली आणि मक्याच्या चार ओळी लावल्या. जुलैत कणसांना सोनेरी केस फुटले. एका सकाळी मी चहाचा कप घेऊन खिडकीशी आलो, तर सई मक्यात वाकलेली आणि तिच्या हातात इंजेक्शनची सिरिंज. एकेका कणसाला ती टोचत होती.

"सई, कसलं औषध देतेस गं?"

"बाबा, प्लीज. तू फक्त पाणी घाल. दॅट्स इट. हात लावायचा नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. आणि मी ते पाळलंही. दोन आठवडे आणि काही दिवस.

मग तो मंगळवार उजाडला. हवा अशी दमट, की शर्ट घातल्याक्षणीच वाळत घालावा. मी पाइप घेऊन मक्यात शिरलो आणि थबकलो. एका कणसाची पानं फाटून वर आली होती आणि आतून राखाडी, रुपेरी, फुगलेल्या गाठी बाहेर बघत होत्या. मी दुसरं पाहिलं. तिसरं. ओळीच्या ओळी. चाळीस वर्षं आणि दोन समुद्र ओलांडून काणी माझ्या मुलीच्या मक्यात येऊन बसली होती, तेही गुरुवारच्या दोन दिवस आधी!

माझ्या मनात जे नाटक झालं त्याचे सगळे प्रवेश सांगत नाही. सारांश एवढा: बिचारी पोर. रोगाची लक्षणं तिला आधीच दिसली असणार, म्हणून तर इंजेक्शनं. औषध लागू पडलं नाही. उद्या येईल आणि हे बघून खचेल. बापाने तिच्या आधी जाऊन निदान चांगली कणसं तरी वाचवावीत. प्रॉमिस? प्रॉमिस चांगल्या दिवसांसाठी असतं.

मी माधुरीची जुनी सुती उशीची खोळ ओली केली. खालून हात, एक वळसा. पानं न सोलता. भुकटी न उडवता. एकूण तेवीस कणसं. चाळीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं, पण हात एकदाही अडखळला नाही. खोळीचं तोंड बांधलं तेव्हा मला अण्णांसमोर उभं राहून पाढा म्हटल्यासारखं वाटत होतं.

"आता मोठं पातेलं काढ," मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं.

माधुरीने खोळीत डोकावलं. "ह्याच्यासाठी? माझ्या पातेल्यात?"

"उकळत्या पाण्यात बुडवावं लागतं. रोग मरतो."

"त्या पातेल्यात गणपतीला खीर होते. तुमचा रोग बाहेर मारा. आणि ते गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवा, माझ्या भाजीला लागायला नको."

अशा रीतीने ती खोळ रात्रभर गॅरेजमधल्या जादा फ्रिजमध्ये, सरबताच्या बाटल्या आणि मंडळाच्या उरलेल्या कागदी कपांच्या शेजारी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्याकडून त्याची टर्की तळायची शेगडी आणि भलंमोठं भांडं मागून आणलं, ड्राइव्हवेवर मांडलं, पाणी ओतलं आणि पेटवलं. ही गोष्ट मी मंडळात सांगतो तेव्हा पाणी खळाखळा उकळत असतं आणि खोळ माझ्या हातात लोंबकळत असते. इथे लिहितोय म्हणून खरं सांगतो. तळाशी नुकते बुडबुडे धरू लागले होते आणि मी खुर्चीवर बसून बातम्या वाचत होतो.

तेवढ्यात सईची गाडी आली. हात हलवून ती थेट मागे गेली. दोन मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्याला रंग नव्हता.

"बाबा. माझी कणसं कुठायत?"

"बस आधी. पाणी पिणार का?"

"व्हेअर आर दे?"

"सई, काळजी करू नकोस. बाकीची चांगली आहेत. रोग झालेली सगळी मी काढली. हे काय, आत्ताच उकळून टाकतोय."

तिने त्या भांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बाबा, तो रोगच माझी डिश आहे," ती इतक्या हळू म्हणाली, की मी आधी तिचा आवाज ओळखला आणि मग शब्द. "वीतलाकोचे. मेक्सिकोमध्ये ते खातात. मी ते इंजेक्ट केलं होतं. मी मुद्दाम केलं होतं."

मी पुष्कळ नाटकांतून कामं केली आहेत. वाक्य विसरल्यावर चेहऱ्याने वेळ कशी मारायची हे मला येतं. त्या वेळी चेहराही विसरला. मी आत पळालो, फ्रिज उघडला, खोळ आणली. सईने ड्राइव्हवेवरच बसकण मारून गाठ सोडली. पहिलं कणीस बाहेर काढलं, पानं अलगद मागे सारली, बोटाने गाठ दाबली, नाकाशी नेली. ठेवलं. दुसरं. तिसरं. मी तिच्या डोक्यावर उभा. शेगडी फुरफुरत होती. माधुरी दारात आली, तिने काही न विचारता पुढे होऊन शेगडी बंद केली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. कुठला आवाज बंद करायचा ते तिला कळतं.

तेविसावं कणीस खाली ठेवून सईने वर पाहिलं. "एकही फुटलेलं नाही," ती म्हणाली. "हाउ? मी दोन तोडून पाहिली होती, दोन्ही हातात फुटली. तू पानं का नाही काढलीस?"

"भुकटी उडते. अण्णांनी शिकवलंय."

"आणि फ्रिजमध्ये का ठेवलंस?"

"ते तुझ्या आईला विचार."

ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. मी गुडघ्यांचं न ऐकता तिच्याशेजारी डांबरावर बसलो. डांबर तापलेलं होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की माझ्यावर काहीतरी जड ठेवा म्हणावंसं वाटलं. सईने ते ठेवलं. "पण तू हात लावलास, बाबा," डोळे पुसत ती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं आणि तू लावलास. आज नशीब होतं. ते वेगळं."

"सॉरी," मी म्हटलं. पुढे एक लांबलचक स्पष्टीकरण तयार होतं. ते मी गिळलं. बहुधा पहिल्यांदाच.

गुरुवारी दुपारी चार वाजता, रेस्टॉरंट उघडायच्या आधी, सईने आम्हालाही बोलावलं. "जे उकळणार होतास, ते खायला ये," असा मेसेज. एक लहान, जाडसर निळ्या मक्याची भाकरी, तिच्याखाली कोवळ्या दाण्यांच्या दुधाचा पांढरा रस्सा आणि वर कांदा-लसणात परतलेली काळीभोर काणी. दिसायला, खरं सांगतो, शाई सांडल्यासारखी. मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी अशी सूचना माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. माधुरीने टेबलाखालून पाय दाबला.

ओफेलियाबाईंनी उभ्याउभ्याच एक घास घेतला. सई हात पाठीमागे बांधून उभी. बाईंनी दुसरा घास घेतला, डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच का ते, पाणी तापवणारे?"

"मीच," मी म्हटलं. "आमच्याकडे हा ज्वारीवरचा रोग आहे. माझ्या वडिलांनी नोकरीभर हे मारलं."

"बरोबर केलं. ज्वारी गेली तर वर्षभर खाणार काय? माझ्या आईने हेच बाजारात पानावर मांडून विकलं. मी इथे आले तेव्हा शेतकरी मला म्हणायचे, रोगट कणसं हवीत? घेऊन जा आणि पुन्हा येऊ नकोस. आता तेच फोन करतात." त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. "तुमच्या वडिलांनी मारलं, माझ्या आईने विकलं. दोघांनीही पोरांसाठीच. खा."

चमचा तोंडापर्यंत यायला वेळ लागला. सायकलच्या कॅरिअरवरून मी मागे वळून बघतोय असं वाटत होतं. माधुरीने तोवर तिची ताटली निम्मी केली होती. "अहो, खा ना," ती म्हणाली. "तुमचं ते टर्कीचं भांडं नाही वापरलेलं."

आधी गोड लागलं, मक्याचं गोड. मग ओल्या मातीसारखं, मग धुरासारखं, आणि शेवटी काहीतरी असं, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता आणि शोधायची घाईही नव्हती. मी वर पाहिलं तर ओफेलियाबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि भाकरीच्या तुकड्याने रस्सा पुसून घेत होत्या.

"उद्या मीठ चिमूटभर कमी," त्या सईला म्हणाल्या. "आणि मेन्यूवर नाव नीट लिही. खाली समजावून सांगत बसू नकोस. विचारतील त्यांना सांगू."

सई "येस, शेफ" म्हणाली आणि आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ टाळ्या. आम्ही दोघं पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो, पण मी गाडी सुरू केली नाही. एसीशिवाय, बंद काचांत, घामाघूम होऊन आम्ही दहा मिनिटं नुसते हसत होतो. सुटका झालेली माणसं अशीच हसत असावीत, कारण नसताना आणि जरा जास्तच.

त्यानंतरचे दोन ऑगस्ट मी फक्त पाणी घातलं. कणसांजवळ गेलो तर हात पाठीमागे बांधून, सई शेफसमोर उभी राहते तसा. मंडळात मात्र गोष्ट रंगवून सांगितली. तेवढी मुभा मी स्वतःला दिली. तोडणीला सई स्वतः यायची, पहाटे, एकटी. मी खिडकीतून बघायचो. कणीस कसं धरतेस, असं विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही. ती माझी नाही, तिची ओळ होती.

या वर्षी अंगणात सहा ओळी आहेत. हिरवळ अशी उरलेलीच नाही. गेल्या आठवड्यात सईचा फोन आला. मागे स्वयंपाकघरातला गोंगाट, मिरच्यांचा खोकला.

"बाबा, उद्या मला यायला जमणार नाही. तू तोडशील?"

"कुठली?"

"तयार असतील ती."

"मला कसं कळणार?"

"तुला कळतं," ती म्हणाली. "नसतील तयार ती ठेव. गॉट टु गो." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दव असताना, मी ओली खोळ खांद्यावर टाकून मक्यात शिरलो. एकेका कणसापाशी थांबलो. पानांवरून नुसता अंगठा फिरवला, दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. सतरा कणसं तोडली. चार ठेवली.

सतरा तोडायला दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. ती चार ठेवण्यात तासभर गेला.